इंटरनेटचा वेग कंपनी कधी, का आणि कसा आवरते: इंदूरच्या ग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांतून नेटच्या वेगाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी नेटवर्कच्या कामात असल्यामुळे माझी भूमिका आधीच सांगून ठेवतो. एकच तार अनेक घरांत वाटली जात असेल, तर तिची वाटणी कुणीतरी करावीच लागते, आणि म्हणून वेगावर मर्यादा असण्यात गैर काही नाही. मात्र ती मर्यादा किती आहे, केव्हा लागू होते आणि लागू झाल्यावर हातात काय उरते, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट आकड्यांत कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो त्याने मागून घेतला पाहिजे.

‘अनलिमिटेड’ प्लॅन असूनही महिनाअखेरीस वेग का पडतो?

कारण बहुतेक घरगुती प्लॅनमध्ये डेटा वापरण्यावर बंदी नसली, तरी पूर्ण वेगाने किती डेटा मिळेल याला मर्यादा असते. या अटीला फेअर यूसेज पॉलिसी, म्हणजेच एफयूपी, म्हणतात. ठरलेला कोटा संपला की जोडणी चालू राहते, परंतु १०० एमबीपीएसच्या जागी १, २ किंवा ५ एमबीपीएस असा उतरलेला वेग मिळतो, आणि नवे बिलिंग चक्र सुरू होईपर्यंत तोच राहतो. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये हा कोटा महिन्याला सुमारे ३३०० जीबी असतो, तर स्वस्त प्लॅनमध्ये तो बराच कमी असू शकतो.

३३०० जीबी एका कुटुंबाला पुरतात का?

साधारणपणे पुरतात, पण हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत आणि फोर-के चित्राला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. महिन्याचे तास ७२०. म्हणजे एक टीव्ही रात्रंदिवस एचडीवर चालू ठेवला, तरी २१६० जीबीच खर्च होतील.

मग ज्या घरांत कोटा खरोखर संपतो, तेथे काय घडते? माझ्या पाहण्यात दोषी बहुधा टीव्ही नसतो, कॅमेरा असतो. घराच्या किंवा दुकानाच्या दारावरचा कॅमेरा आपले चित्रण सतत क्लाउडवर पाठवत असेल आणि त्याचा प्रवाह २ एमबीपीएसचा असेल, तर दिवसाला २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला ६४८ जीबी, त्या एका कॅमेऱ्यापायी जातात. असे चार कॅमेरे असले, तर घरातल्या माणसांनी फोन हातात घेण्यापूर्वीच सुमारे २६०० जीबी संपलेले असतात. बऱ्याच कंपन्या डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून कोटा मोजतात, हे कॅमेरे बसवणारा सांगत नाही. चित्रण घरातल्या डीव्हीआरमध्येच साठवले आणि बाहेरून पाहायचे तेव्हाच पाहिले, तर हा खर्च जवळजवळ उरत नाही.

आणखी एक हिशेब डोळे उघडणारा आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. ही जोडणी पूर्ण वेगाने अखंड चालवली, तर दिवसाला १०८० जीबी होतात आणि ३३०० जीबींचा कोटा चौथ्या दिवशी संपतो. जाहिरातीतला वेग आणि करारातला कोटा या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर आहेत, हे यावरून लक्षात यावे.

कोटा संपल्यावर कंपनी वेग कितीही खाली आणू शकते का?

नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार घरगुती तारेच्या ब्रॉडबँडमध्ये कोटा संपल्यानंतरही वेग ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली नेता येत नाही. कोटा किती, त्याच्या आत वेग किती आणि त्यानंतर किती, हे कंपनीने संकेतस्थळावर आणि जाहिरातीत सांगितले पाहिजे, आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने सूचना दिली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. या सूचना येत नसतील, तर आधी कंपनीकडे नोंदलेला मोबाइल क्रमांक तपासावा. पुष्कळ घरांत तो क्रमांक ज्यांनी कनेक्शन घेतले त्यांचा असतो आणि ते पुण्याला किंवा बंगळुरूला राहत असतात.

ब्रॉडबँडची व्याख्याही काळानुसार वर सरकत गेली आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसची जोडणी ब्रॉडबँड ठरत असे, २०१३ मध्ये ती सीमा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएसवर आणली गेली. ५१२ केबीपीएसवर ५ मेगाबाइटचा एक फोटो उतरवायला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे कोट्यानंतरच्या वेगाची किमान सीमाही २ एमबीपीएसवर नेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मुलाचा ऑनलाइन वर्ग किंवा आजोबांचा डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल ५१२ केबीपीएसवर धड होत नाही.

डेटा शिल्लक आहे, तरी रात्री नऊनंतर नेट रेंगाळते. कंपनी मुद्दाम करते का?

बहुधा कुणी मुद्दाम केलेले नसते, पण आगाऊ केलेल्या एका हिशेबाचा तो परिणाम नक्की असतो. लग्नाच्या कार्यालयात पाचशे पाहुण्यांसाठी पाचशे पाने एकाच वेळी मांडत नाहीत. पंगती उठतात, बसतात, आणि शंभर पानांत काम भागते. इंटरनेट पुरवठादारही याच भरवशावर आपल्या क्षमतेहून कितीतरी पट अधिक वेग विकतो, कारण सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत. एका वाट्यावर किती घरे बसवली आहेत, त्या प्रमाणाला कंटेन्शन रेशो म्हणतात.

आपल्या गल्लीपुरते हे कसे घडते, ते पाहू. घरी आलेली फायबर जीपॉन पद्धतीची असेल, तर एक्स्चेंजमधल्या ओएलटी यंत्राच्या एका पोर्टमधून एकच काचतंतू निघतो आणि खांबावरच्या पेटीतला स्प्लिटर त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत विभागतो. स्प्लिटरला वीज लागत नाही आणि तो कुणाला कमी-अधिक देण्याचा निर्णयही करत नाही. त्या एका पोर्टवर घरांकडे येणारी एकूण क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि घरांकडून जाणारी सुमारे १.२५ जीबीपीएस असते. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले असतील, तर विक्री ६.४ जीबीपीएसची झाली. सगळ्यांनी एकदम मागणी केली, तर वाट्याला प्रत्येकी ३९ एमबीपीएसच्याही आत येतात. प्रत्यक्षात इतकी वेळ क्वचितच येते, आणि माझ्या अनुभवात खरी कोंडी बहुतेकदा या पेटीत नसून तिच्या पुढे, म्हणजे पुरवठादाराने वरच्या मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेल्या जोडणीत असते. ग्राहक वाढले आणि ती जोडणी वाढवली नाही, की क्रिकेट सामन्याच्या संध्याकाळी सगळ्या कॉलनीला एकदम त्रास होतो.

कोंडी कुठे आहे, हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येते. संगणक तारेने राउटरला जोडावा आणि विंडोजमध्ये ट्रेसर्ट (tracert) ही, डेटा कोणकोणत्या यंत्रांतून जातो आणि प्रत्येक ठिकाणी किती विलंब होतो ते ओळीओळीने दाखवणारी, आज्ञा सकाळी सातला व रात्री साडेनऊला चालवावी. पहिली ओळ आपल्या राउटरची असते, आणि दुसरी बहुधा पुरवठादाराच्या गेटवेची, म्हणजे त्याच्या जाळ्याच्या दारावरच्या यंत्राची. सकाळी दुसऱ्या ओळीत ३-४ मिलिसेकंद आणि रात्री ८०-९० मिलिसेकंद दिसू लागले, तर अडचण आपल्या घरापासून गेटवेपर्यंतच्या टप्प्यात आहे. दुसरी ओळ रात्रीही ठीक असून विलंब पुढच्या ओळीत सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल, तर वरची जोडणी अपुरी पडते आहे. मधलीच एखादी ओळ फुगलेली दिसली आणि पुढच्या ओळी ठीक असल्या, तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. ते यंत्र चाचणीला सावकाश उत्तर देते, इतकेच. लाइनमनला ‘नेट स्लो आहे’ असे सांगण्यापेक्षा हे दोन आकडे दाखवले, तर बोलणे पुढे सरकते.

वेग नेमका कमी केला कसा जातो?

राउटर सुरू झाल्यावर तो आपले नाव आणि पासवर्ड पुरवठादाराच्या गेटवेकडे पाठवतो. गेटवे ते रेडियस नावाच्या सर्व्हरकडून तपासून घेतो, आणि उत्तरात ‘या ग्राहकाला अमुक वेग’ अशी सूचना मिळते. त्यानंतर ठरावीक अंतराने गेटवे वापराचा हिशेब त्या सर्व्हरला कळवत राहतो. कोटा ओलांडला गेला, की सर्व्हर नव्या, उतरलेल्या वेगाची सूचना धाडतो. सर्व काम यंत्रे आपोआप करतात.

गेटवेवर वेग रोखण्याची प्रचलित रीत टोकन बकेट ही आहे. प्लॅनच्या वेगाइतकी टोकने, म्हणजे डेटा पुढे सोडण्याचे परवाने, सतत भरली जातात आणि पुढे जाणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आपल्या आकाराइतकी टोकने खर्च करते. थोडी टोकने साठून राहू शकतात, म्हणून डाउनलोडच्या पहिल्या क्षणी वेग प्लॅनहून अधिक दिसतो आणि मग खाली येतो. टोकने संपल्यावर आलेल्या पॅकेटचे काय करायचे, यावर ग्राहकाचा अनुभव ठरतो. जादा पॅकेट टाकून देणे म्हणजे पोलिसिंग, आणि रांगेत थांबवून नंतर सोडणे म्हणजे शेपिंग. फाइल उतरवताना या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही, कारण गळालेले पॅकेट पुन्हा मागवले जाते. फोनवरच्या किंवा व्हिडिओ कॉलच्या संभाषणात मात्र गळालेला शब्द परत मागवून उपयोग नसतो, आवाज तुटतो. वेग पुरेसा असूनही कॉल तुटत असेल, तर कंपनी कठोर पोलिसिंग करते का, हे विचारावे.

नवे चक्र सुरू झाल्यानंतरही कधीकधी वेग उतरलेलाच राहतो, कारण जुने सत्र जुन्याच सूचनेवर चालू असते. राउटर बंद करून दोन मिनिटांनी सुरू केला, की सत्र नव्याने जोडले जाते आणि बहुतेक वेळा वेग परत येतो.

स्पीड टेस्टमध्ये पूर्ण वेग दिसतो, पण व्हिडिओ अडकतो. हे कसे?

स्पीड टेस्ट बहुधा जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो अनेकदा पुरवठादाराच्या स्वतःच्याच जाळ्यात असतो. त्यामुळे घरापासून त्याच्या यंत्रापर्यंतची वाट तेवढी मोजली जाते. तेथून पुढची वाट मोजलीच जात नाही. चाचणीत दिल्ली किंवा मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडून पाहावा. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची चाचणी त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते, म्हणून व्हिडिओच्या तक्रारीसाठी ती अधिक उपयोगी पडते. ट्रायचे मायस्पीड हे ॲपही आहे, आणि त्यातले निकाल ट्रायपर्यंत पोहोचतात.

येथे पुरवठादाराचा आकारही महत्त्वाचा ठरतो. व्हिडिओ पुरवणाऱ्या मोठ्या सेवा आपले साठवणीचे सर्व्हर मोठ्या पुरवठादारांच्या जाळ्यात बसवतात, त्यामुळे लोकप्रिय चित्रपट जवळूनच येतो. ज्याच्याकडे अशी सोय नाही, त्याला तोच चित्रपट वरच्या विकतच्या जोडणीतून आणावा लागतो आणि गर्दीच्या वेळी तीच जोडणी आधी तुंबते.

एखादी सेवा कंपनीला आवडत नाही, म्हणून ती मंद करता येते का?

भारतात नाही. कंपनीने असे केले तर काय होते, हे अमेरिकेत २००७ मध्ये दिसून आले. कॉमकास्ट ही कंपनी बिटटॉरेंट (फायली थेट एकमेकांच्या संगणकांतून घेण्याची पद्धत) वापरणाऱ्यांच्या जोडण्यांत दोन्ही बाजूंना जोडणी तोडण्याचा बनावट संदेश पाठवत होती. ग्राहकाला वाटे, पलीकडच्याने तोडली. पलीकडच्याला वाटे, ग्राहकाने तोडली. तेथील नियामकाने २००८ मध्ये याविरुद्ध आदेश काढला, पण एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केला. गर्दी आवरण्याच्या नावाखाली एकाच प्रकारच्या वापरावर घाला घालता येतो, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे त्या प्रकरणाने जगासमोर आणले.

आपल्याकडे ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे डेटादर आकारायला मनाई केली. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीबाबतच्या, म्हणजे सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक देण्याबाबतच्या, ट्रायच्या शिफारशी स्वीकारल्या, आणि एखादा मजकूर अडवणे, मंद करणे किंवा त्याला झुकते माप देणे यांवर परवान्याच्या अटींमधून बंधन आले. याला अपवाद आहेत: जाळे सांभाळण्यासाठी वाजवी आणि तात्पुरते व्यवस्थापन, आणीबाणीच्या सेवा, तसेच न्यायालयाचे व सरकारचे आदेश. म्हणून एखादे संकेतस्थळ उघडत नसेल, तर ते कायदेशीर आदेशाने बंद केलेले असू शकते. प्रत्येक वेळी पुरवठादाराला दोष देणे योग्य नाही.

व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय, लावल्यावर एखादी सेवा अचानक वेगाने चालू लागली, तर संशयाला जागा आहे, पण तेवढा पुरावा पुरेसा नाही. व्हीपीएनमुळे वाट बदलते, आणि नवी वाट निव्वळ कमी गर्दीची असू शकते.

अडचण आपल्याच घरात तर नाही ना, हे कसे तपासावे?

तक्रार करण्यापूर्वी हे तपासणे अत्यंत गरजेचे आहे. राजेंद्रनगरातल्या एका घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन होता आणि वेग कितीही वेळा मोजला तरी ९४ च्या वर जात नव्हता. चुलते-पुतणे दोघेही कंपनीवर चिडलेले होते. फायबरची पांढरी डबी आणि राउटर यांच्यामधली जोडतार काढून तिचा पारदर्शक क्लिप उजेडात धरला, तेव्हा आठ तारांऐवजी त्यात चारच बसवलेल्या दिसल्या: केशरी, केशरी-पांढरी, हिरवी आणि हिरवी-पांढरी. चार तारांवर जोडणी १०० एमबीपीएसवरच ठरते आणि प्रत्यक्ष हाती सुमारे ९४ येतात. आठ तारांची नवी जोडतार लावताच वेग २८० च्या पुढे गेला. वेग ९४-९५ वर खिळून राहत असेल, तर आधी जोडतार आणि राउटरचे पोर्ट पाहावे. अनेक स्वस्त राउटरांचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असते.

वाय-फायवरचा आकडा तक्रारीत कधीही देऊ नये. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर शेजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते, आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे नीट पोहोचत नाही.

घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत असताना सगळ्यांचे नेट अडखळत असेल, तर राउटरमधली बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग फुगली आहे, असे समजावे. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस, म्हणजे ही रांग आवरण्याची, सोय असेल, तर तेथे अपलोडचा वेग प्लॅनच्या सुमारे ९० टक्क्यांवर बांधून घ्यावा; स्वतःच घातलेली ही छोटी मर्यादा व्हिडिओ कॉल वाचवते.

मोबाइल डेटालाही हेच नियम आहेत का?

तेथे मर्यादा अधिक कडक असते. रोजचा कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक मेगाबाइट उतरायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. शिवाय टॉवरची क्षमता त्या क्षणी तेथे असलेल्या सर्वांत वाटली जाते. रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यासमोरून व्हिडिओ पाठवण्याचा प्रयत्न केलेल्यांना हे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा मोठ्या व्हिडिओ सेवांनी मोबाइल जाळ्यांवरचे चित्र काही आठवडे ४८० पी या कमी स्पष्टतेवर मर्यादित ठेवण्याचे मान्य केले होते.

गल्लीतला छोटा पुरवठादार घ्यावा की मोठी कंपनी?

याचे सरसकट उत्तर देता येत नाही. इंटरनेटचे परवाने तीन वर्गांत दिले जातात: ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ एका दूरसंचार मंडळासाठी आणि ‘क’ त्याहून लहान क्षेत्रासाठी. आपले मध्य प्रदेश मंडळ छत्तीसगडसह धरले जाते. छोटा पुरवठादार तार तुटली की संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो, आणि इंदुरात खांबाखांबावरून गेलेल्या तारा पाहता ही लहान गोष्ट नाही. मोठ्या कंपनीकडे वरची जोडणी सहसा अधिक भक्कम असते. कुणाकडूनही घ्या, पण कोटा, कोट्यानंतरचा वेग, अपलोड कोट्यात धरतात की नाही आणि अपलोडचा वेग, या चार गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी मागवा. जो या चार आकड्यांना टाळाटाळ करतो, त्याच्याकडे वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. महिन्याचा प्लॅन थोडा महाग पडला, तरी एखाद्या शनिवार-रविवारची रात्र पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

तक्रार कुठे करावी?

प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात करावी आणि तक्रारीचा नोंद क्रमांक (डॉकेट क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नये; लाइनमनच्या फोनवर सांगितलेली तक्रार कुठेही नोंदली जात नाही. सोबत तारेने जोडलेल्या संगणकावरची आठवडाभराची मोजमापे जोडावीत, ज्यांत तारीख, वेळ, चाचणीचा सर्व्हर आणि आकडा असेल. उत्तराने समाधान झाले नाही, तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित असते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. त्या दूरसंचार विभागाच्या सार्वजनिक तक्रार कक्षाकडे न्याव्या लागतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असे कुणी सांगितले, तर ते मानू नये: सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या चालतात, असा स्पष्ट निकाल दिला आहे, आणि इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे असा अर्ज वकिलाशिवायही करता येतो.